पिशवीतून आलेलं पिल्लू

भुरीच्या कागदांवर मागची तारीख टाकून घ्यायला मी तयार झाले होते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण मागाहून सांगायला गेले तर मी ते सौम्य करून सांगेन. नुसती तयार झाले नव्हते, त्यासाठी आगाऊ पैसेही दिले होते, आणि त्या रात्री मला छान झोप लागली होती.

भुरी आमची कुत्री. गावठी, मातकट रंगाची, १७ किलोंची. २०१७ च्या जुलैमध्ये कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली थरथरत बसलेली सापडली, ती घरात आली आणि घरचीच झाली. तिचा उजवा कान उभा असतो, डाव्याचं टोक मुडपलेलं आहे आणि त्यावर तीन टाक्यांची खूण आहे. पाहुण्यांनी चप्पल काढली की ती त्या चपलेशेजारी जाऊन बसते, पाहुणा निघेपर्यंत तिथून हलत नाही.

२०२३ च्या जानेवारीत माझ्या नवऱ्याची श्टुटगार्टची नोकरी पक्की झाली. त्याने १ फेब्रुवारीला रुजू व्हायचं, मी इथलं आवरून मार्चअखेर भुरीला घेऊन निघायचं, असं ठरलं. भुरीला मागे ठेवायचा विचार आमच्या मनात आलाच नाही. तिची लसीकरणाची वही होती, दरवर्षीची रेबीजची लस वेळेवर दिलेली होती, शिक्के होते. आणखी काय लागणार? एक दाखला आणि विमानाचं भाडं, असं मी धरून चालले होते.

मग नियम कळले. युरोपीय संघाने जगातले देश दोन गटांत विभागले आहेत. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती हे देश यादीत आहेत. तिथून येणाऱ्या कुत्र्याला चिप आणि रेबीजची लस पुरते. भारत त्या यादीत नाही. आपल्याकडून जाणाऱ्या कुत्र्याला आधी पंधरा आकडी मायक्रोचिप बसवायची, चिप बसल्यावर लस टोचायची, लशीनंतर निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचं, ते संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. आणि मग रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं.

भुरीला चिप नव्हती. म्हणजे पाच वर्षांत टोचलेल्या सगळ्या लशी त्यांच्या लेखी शून्य. मी हिशेब मांडला. उद्या जरी सुरुवात केली तरी जून उजाडणार होता.

मी फार चिडले. इथे काही लपवायचं नाही. मी भेटेल त्याला हे ऐकवत होते. व्हिसाच्या रांगेत आपल्या माणसांना जी वागणूक मिळते तीच आता आपल्या कुत्र्यांनाही, असं म्हणत होते. दुबईहून येणारं कुत्रं सरळ आत आणि माझी भुरी तीन महिने संशयित? लस टोचली आहे, रक्तात ती उतरलेली दिसते आहे, मग त्यानंतरचे तीन महिने कशासाठी? मला त्यात फक्त अविश्वास दिसत होता. ऐकणारे माना डोलवत होते, त्याने माझा राग आणखी पक्का होत होता.

अशात कुणीतरी एका एजंटाचा नंबर दिला. तो माणूस बोलायला अतिशय मऊ. म्हणाला, ‘‘मॅडम, तुमच्या कुत्र्याला लस खरोखरच दिलेली आहे ना? मग झालं. कागद तेवढे मागच्या तारखेचे करून देतो. तुम्ही मार्चमध्ये आरामात जाल. सगळेच करतात.’’ मला ते पटलं. माझ्या मनातला युक्तिवाद असा होता की खोटं फक्त कागदावर आहे, कुत्री खरी आहे आणि तिची लसही खरी आहे. ती घरात झोपते, पट्ट्याशिवाय बाहेर जात नाही, तिला कधी काही चावलेलं नाही. यात नुकसान कुणाचं? आगाऊ रक्कम पाठवली. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘तुला योग्य वाटतंय ना?’’ मी म्हटलं, ‘‘अगदी.’’

त्याच आठवड्यात आई गावाहून राहायला आली. गाव सातारा जिल्ह्यात आहे. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे कळेल.

संध्याकाळची वेळ होती. आई जमिनीवर बसून सोलाणे सोलत होती. भुरी तिच्या मांडीला टेकून, टरफलांकडे बघत. मी ओट्याशी उभी राहून जर्मनीच्या नावाने बोटं मोडत होते. आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘अगं, मग थांब की तीन महिने.’’

मी म्हटलं, ‘‘आई, प्रश्न थांबायचा नाही. भुरीला काही झालेलं नाही, हे डोळ्यांना दिसतंय ना?’’

आईने हातातला डहाळा खाली ठेवला. ‘‘वाघ्याला तरी कुठं काही झालेलं दिसत होतं?’’

वाघ्या म्हणजे आमच्या लहानपणचं पिल्लू. १९९१ साल, मी सात वर्षांची. त्या पिल्लामुळे मला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. ही गोष्ट मी आजवर शेकडो वेळा सांगितली आहे. माझ्या वयाच्या खूप जणांकडे अशी एखादी गोष्ट असते. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस रोज एक अशी पोटावर टोचत, आणि ती २००४ च्या अखेरीस आपल्याकडे बंद झाली. मी सांगायचे ती रोजच्या एसटीच्या प्रवासाची, कंपाउंडरच्या जाड चष्म्याची, सुजलेल्या पोटाची आणि इंजेक्शन झाल्यावर स्टँडवर मिळणाऱ्या भजीची गोष्ट. तिच्यात मी शूर असते. त्या गोष्टीतला दुसरा मुलगा मी कधी सांगत नाही.

शेजारच्या काकूंचा धाकटा. नऊ वर्षांचा. वाघ्या माझ्यापेक्षा त्याच्याच जास्त मागे असायचा. तो त्याला सदऱ्याच्या आत घालून फिरवायचा, वरच्या गुंडीतून पिल्लाचं तोंड बाहेर. वाघ्या आमच्याकडे येऊन महिनाभराच्या वर झाला असेल, तेव्हा तो एके दिवशी खायचा थांबला. त्याचा जबडा खाली लोंबायला लागला, लाळ गळायला लागली. केरसुणी समोर धरली तर तिला चावला. दोन दिवसांत मेला. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाने घरी सांगितलं की ज्यांनी ज्यांनी हाताळलंय त्या सगळ्यांना सुया द्या. आईने मला नेलं. काकूंनी त्यांच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला, मला नाही चावलं. दोन महिन्यांनी त्याच्या मनगटाला मुंग्या यायला लागल्या. मग त्याला पाणी गिळता येईना. पुढचं मला माहीत आहे आणि ते मी लिहिणार नाही.

हे एवढं मला ठाऊक होतं. आईने त्या संध्याकाळी जे सांगितलं ते ठाऊक नव्हतं.

मी समजून चालले होते की वाघ्या गोठ्यामागे कुठेतरी जन्मलेलं भटकं पिल्लू. आई म्हणाली, ‘‘गोठ्यामागचं नाही गं. तुझ्या मामानं आणलं होतं. पिशवीतून, एसटीनं.’’ मामाचं गाव दुसऱ्या तालुक्यात. तिथे एक पिसाळलेलं कुत्रं खळ्यात शिरलं आणि व्यालेल्या कुत्रीला आणि पिल्लांना झोंबून गेलं. कुत्री मेली. दोन पिल्लं उरली, ती दूध पीत होती, उड्या मारत होती. आईवेगळं पिल्लू बघून मामाला दया आली. भाची खूश होईल म्हणून त्यातलं एक त्याने पिशवीत घातलं. कुत्री कशाने मेली हे त्याने आमच्याकडे कुणाला सांगितलं नाही. पिल्लू तर ठणठणीत होतं.

‘‘कापडी पिशवी होती,’’ आई म्हणाली. ‘‘निळी. मीच धुतली होती नंतर.’’

आणि मग तिने तेही सांगितलं जे तिने तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या मुलाच्या मनगटावर दाताचा ओरखडा होता. त्याने तो बाहीखाली लपवला होता. कारण रोज दुपारी परत आल्यावर मी अंगणात पोट धरून रडायचे ते त्याला ऐकू जायचं. शेवटच्या दिवसांत त्याने हे काकूंना सांगितलं, काकूंनी आईला. मामाच्या पिशवीचं मात्र आईने काकूंना सांगितलं नाही.

भुरी तशीच टेकून बसली होती. आईने पुन्हा सोलाणे सोलायला घेतले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मामा वाईट माणूस नव्हता. त्याच्या हातून जे झालं ते प्रेमापोटी झालं. डोळ्यांना दिसत होतं त्यावर त्याने विश्वास ठेवला आणि एक गोष्ट सांगायची टाळली. मी नेमकं तेच करायला निघाले होते. माझी पिशवी मोठी होती आणि एसटीच्या जागी विमान होतं, इतकाच काय तो फरक.

सकाळी मी भुरीच्या डॉक्टरांकडे गेले. एजंटाविषयी सांगितलं, पैसे दिल्याचंही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. मी विचारलं, ‘‘मॅडम, रक्तात लस उतरलेली दिसल्यावर पुढचे तीन महिने का?’’ हा प्रश्न मी महिनाभर सगळ्यांपुढे फेकत होते, विचारला मात्र पहिल्यांदाच.

त्या म्हणाल्या, ‘‘रक्ताची तपासणी एवढंच सांगते की लस अंगी लागली. पण लस द्यायच्या आधीच विषाणू शिरलेला असेल तर? तो चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंवरून मेंदूकडे सरकत असतो. त्या काळात कुत्रं खातं, खेळतं, शेपूट हलवतं. जिवंत जनावरात तेव्हा तो ओळखायची कुठलीही तपासणी आपल्याकडे नाही. खात्रीचं निदान मेल्यावर मेंदू तपासूनच होतं. बहुतेक कुत्र्यांत चावल्यापासून तीन आठवडे ते तीन महिन्यांत रोग बाहेर येतो. म्हणून थांबायचं. दुसरा उपायच नाही.’’

मी म्हटलं, ‘‘पण भुरीला कधी काही चावलेलं नाही.’’

त्यांनी काही न बोलता संगणकावर भुरीचं पान उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. नोव्हेंबर २०२२. वेताळ टेकडीवर अनोळखी कुत्र्याशी मारामारी, डावा कान फाटला, तीन टाके.

मी स्वतः तिला घेऊन आले होते. रुमाल रक्ताने भरला होता. आणि जानेवारीत मी दहा जणांना छातीठोकपणे सांगत होते की तिला कधी काही चावलेलं नाही. खोटं बोलत नव्हते, विसरले होते. किंवा आठवायचं नव्हतं म्हणून आठवलं नाही. तेव्हा तिची लस चालू होती, म्हणून धोका कमी होता, हे डॉक्टरांनीही सांगितलं. पण तारखा मागे ढकलल्या असत्या तर नेमका ज्या काळातला तो चावा झाकला गेला असता, त्याच काळासाठी हा नियम केलेला आहे. क्लिनिकच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या मी एजंटाला फोन करून नको म्हणून सांगितलं. पैसे परत मिळाले नाहीत, मी मागितलेही नाहीत.

११ फेब्रुवारीला चिप बसली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी, मानेच्या डाव्या बाजूला कातडीखाली. डॉक्टरांनी आधी यंत्र फिरवून काही नाही ना ते पाहिलं, सुई टोचली, पुन्हा यंत्र फिरवलं. टुक्‌ असा आवाज आला आणि पडद्यावर पंधरा आकडे उमटले. ते आकडे त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावले आणि वहीत लिहिले, दोनदा ताडून पाहिले. त्यानंतर लस. चिप आधी आणि लस मागाहून का, हे तेव्हा मला न विचारता कळलं. भुरीची जुनी वही खरी होती, पण त्या वहीतली कुत्री हीच, हे परक्या माणसाला कशावरून कळावं?

१५ मार्चला रक्त काढलं. पुढच्या पायाचे केस भादरले, मी तिचं डोकं छातीशी धरलं. ती विव्हळली नाही, फक्त माझ्या कोपराच्या खोबणीत नाक खुपसून राहिली. रक्त नळीत भरलं, गोठलं, यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढला, बर्फाच्या पाकिटांत बांधून परदेशी पाठवला. निकाल यायला काही आठवडे गेले. ०.५ हवं होतं, भुरीचं ४.१ आलं. नवऱ्याला फोटो पाठवला, त्याचा उलट फोन आला तेव्हा दोघांनाही बोलता येईना.

ते तीन महिने सोपे होते असं मी म्हणणार नाही. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, एवढे दिवस आम्ही कधी वेगळे राहिलो नव्हतो. पुण्याचं घरभाडं आणि तिकडचं भाडं, दोन्ही चालू. मी नोकरीची नोटीस आधीच दिलेली, ती मागे घेता आली नाही. रात्री जेवताना समोरची खुर्ची रिकामी. पण जानेवारीतला राग मात्र पुन्हा आला नाही.

आणि त्या दिवसांचा उपयोग झाला. आम्ही ज्या विमानाने जाणार होतो त्यात आठ किलोंच्या वरचं जनावर सामानाच्या तापमान राखलेल्या कप्प्यात, बंद पिंजऱ्यातून जातं. पिंजऱ्यात कुत्र्याला कान न टेकता उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. झोपेची औषधं देऊन पाठवू नका असंच सगळे सांगतात, कारण त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. म्हणजे भुरीने तो पिंजरा जागेपणी, आपलासा मानायला हवा. मार्च असता तर मी तिला त्यात कोंबून नेलं असतं. आता वेळ होता. पहिले आठ दिवस पिंजरा हॉलमध्ये दार काढून नुसता ठेवला. मग तिचं ताट उंबऱ्याशी, मग आत. माझं जुनं सुती पातळ घडी करून आत घातलं. दार लावून एक मिनिट, मग पाच, मग मी खाली दूध आणून येईपर्यंत. मेच्या मध्यावर एका दुपारी ती घरात कुठे दिसेना. हाका मारल्या, गॅलरीत पाहिलं. ती पिंजऱ्यात झोपली होती, आपणहून, पाठ टेकून, चारही पाय वर.

दुसरी गोष्ट अशी की मला आमच्या गल्लीतली कुत्री दिसायला लागली. पाच वर्षं रोज त्यांच्यामधून जात होते. पाच होती. त्यांतल्या एकालाही लस दिलेली नव्हती. जगात रेबीजने जे मृत्यू होतात त्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा भारतात होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ असतात. भारत युरोपच्या यादीत का नाही याचं उत्तर माझ्या घराच्या फाटकाबाहेर, पानाच्या टपरीखाली झोपलेलं होतं. मी मात्र ते ब्रसेल्सच्या अहंकारात शोधत होते.

हे बदलता येत नाही असंही नाही. गोव्यात २०१४ पासून माणसं पिवळे टीशर्ट घालून, हातात जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली. कुत्रं जाळीत धरायचं, लस टोचायची, अंगावर रंगाचा ठिपका द्यायचा आणि सोडून द्यायचं. एखाद्या भागातल्या दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते. वर्षाला लाखाच्या घरात कुत्री टोचली गेली, माणसांचे मृत्यू शून्यावर आले, आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलं. गोवा आपल्या शेजारी आहे. तिथली कुत्री, तिथल्या गल्ल्या आपल्यासारख्याच आहेत.

आमच्या गल्लीत मी, तळमजल्यावरचे निवृत्त काका आणि वॉचमनदादा असे तिघे मिळून डॉक्टरांना बोलावलं. बिस्किटांवर तीन कुत्री सहज हाती लागली. चौथीला काकांनी गोणपाटात धरलं. पाचवा, एक काळा लंगडा कुत्रा, शेवटपर्यंत हाती आला नाही. मी निघाले तेव्हाही तो बिनलशीचाच होता. वॉचमनदादांनी सांगितलंय, बघतो म्हणून. मी अजून दर महिन्याला विचारते.

एप्रिलमध्ये नवऱ्याने आमच्या तिकडच्या घरमालकीणबाईंना भुरीच्या थांबण्याचं कारण सांगितलं. बाई पंचाहत्तरीच्या. त्यांना वाटलं तो तक्रार करतोय, म्हणून त्या त्याला समजावायला बसल्या. त्यांच्या लहानपणी रानाच्या कडेला पिवळ्या पाट्या असत, पिसाळलेल्या जनावरांचा भाग, सावध राहा, अशा. कोल्हा माणसाळल्यासारखा जवळ आला तर पळायचं, हे त्यांना शाळेत शिकवलेलं. १९८३ पासून तिथे कोल्ह्यांसाठी लशीचं आमिष रानात टाकायला सुरुवात झाली. पुढे मासळीचा भुगा आणि चरबी यांची वडी आली, तिच्या पोटात लशीची कुपी. ती वडी श्टुटगार्टजवळच्याच ट्युबिंगेनच्या संशोधकांनी तयार केली होती. आधी हातांनी टाकत, पुढे विमानांतून. शेवटचा रेबीज झालेला कोल्हा २००६ मध्ये सापडला आणि २००८ मध्ये जर्मनी त्यातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पंचवीस वर्षं एक अख्खा देश कोल्ह्यांना लस खाऊ घालत होता. मी ते पिशवीतून एका दिवसात मोडायला निघाले होते.

आणि ही काही नुसती कल्पना नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये असंच झालं. मोरोक्कोहून कुणीतरी एक पिल्लू गाडीतून, कागदांशिवाय आणलं. बोर्दोच्या आसपास, गर्दीच्या संगीत महोत्सवांत ते मोकळं हिंडलं, लोकांच्या मांडीवर बसलं. मग ते मेलं आणि कळलं. सरकारला वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून विचारत फिरावं लागलं की या पिल्लाला कुणी कुणी हात लावलाय. हे वाचताना मला ते महोत्सव दिसले नाहीत. सदऱ्याच्या गुंडीतून बाहेर आलेलं तोंड दिसलं.

१८ जूनला आम्ही निघालो. त्याआधी मुंबईला केंद्र सरकारच्या पशू विलगीकरण आणि प्रमाणपत्र कार्यालयात भुरीला नेऊन दाखवलं, त्यांनी आरोग्याचा दाखला दिला. तो दहाच दिवस चालतो, म्हणून सगळी धावपळ शेवटच्या आठवड्यात. फ्रँकफर्टला लाल मार्गिकेतून गेलो. तिथल्या बाईंनी यंत्र फिरवलं, टुक्‌ झालं, आकडे ताडले, रक्त काढल्याची तारीख आणि आजची तारीख बोटांवर मोजली. मला वाटलं, आणखी एकदा मोजा, सावकाश मोजा. त्यांनी शिक्का मारला. पाच-सात मिनिटांचं काम. लशीत एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही तर रक्ताची ही तपासणी भुरीला पुन्हा करावी लागणार नाही. तारखा मी भिंतीवर लावल्या आहेत.

पण मला सांगायचंय ते निघण्याच्या आठवडाभर आधीचं.

मी भुरीला गाडीत घालून गावी गेले. आईचा निरोप घ्यायचा होता, आणि काकूंना भेटायचं होतं. पिशवीचं त्यांना सांगायचं, असं मी वाटेत पक्कं केलं होतं. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘तुझं मन हलकं होईल. तिचं काय होईल?’’ मी उत्तर दिलं नाही. आई चुकते असं मला वाटत नाही. ती बरोबर आहे असंही मी अजून मनापासून म्हणू शकत नाही.

काकू आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ घेतलं, चहा टाकायला सुनेला सांगितलं, तिकडे फार थंडी असते म्हणून मेतकुटाची पुडी आधीच बांधून ठेवली होती ती दिली. भुरी त्यांच्या चपलेशेजारी जाऊन बसली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला शब्द फुटला नाही. आम्ही पावसाचं बोललो, त्यांच्या गुडघ्यांचं बोललो.

निघताना त्या भुरीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग वाकून, हात लांब करून, त्यांनी तिच्या डाव्या कानावरच्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

‘‘हिला सुया दिल्यास ना सगळ्या?’’

‘‘दिल्या, काकू. सगळ्या दिल्या.’’